गोळी चालू आहे, मग पालेभाजी बंद करायची का?

"मॅडम, सहा म्हैने झाले, पाल्याला हात लावलो न्हाई. तरी रक्त खाली-वर का होतंय ओ?"

समोर बसलेल्या बाईंचं वय पन्नाशीच्या पुढे. बेळगाव तालुक्यातलं, मार्कंडेय नदीकाठचं गाव, घरी थोडं भातशेत आणि एक म्हैस. मी त्यांना अक्का म्हणते, इथंही तेवढंच म्हणेन. लहानपणी सांधे सुजवणारा ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची झडप खराब झाली. गेल्या वर्षी ती काढून धातूची बसवली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून तेव्हापासून रोज अॅसेनोकुमरॉलची गोळी चालू आहे, आणि तिचा परिणाम मोजायला अधूनमधून आयएनआर ही रक्ततपासणी. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा 1 च्या आसपास असतो. अक्कांसाठी डॉक्टरांनी 2.5 ते 3.5 ही हद्द ठरवून दिली होती.

मुलानं वही पुढे केली. दवाखान्यातून घरी येताना 2.8. मग 4.6, तेव्हा दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. गोळी कमी केली. पुढं 3.9, पुन्हा थोडी कमी. मग 3.1. आणि आता एकदम 1.6. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळीचं बघितलं आणि खाण्याचं बघायला माझ्याकडं पाठवलं.

"पाला बंद करायला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कागदावर हाय की."

तो कागद मुलाच्या पिशवीत होता. कन्नडमध्ये छापलेला. अक्का मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या, मुलगाही मराठी शाळेतलाच. शेजारच्या कन्नड शाळेत जाणाऱ्या पोरानं तो वाचून दाखवला होता, आणि त्यातला 'सोप्पु' हा शब्द तेवढा घरात राहिला. सोप्पु म्हणजे पालेभाजी. मी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, पालेभाज्या अचानक वाढवू नका, अचानक कमीही करू नका. शब्द बरोबर होते, पण घरापर्यंत पोचताना त्याचं 'सोप्पु बंद' झालं. आपल्या भागात हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता प्रत्येकाला मी स्वतः मराठीत लिहून देते आणि त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेते.

सहा महिने पाला बंद होता, हे मान्य. मग 1.6 कशानं?

उत्तर घरातच होतं. तीन आठवड्यांपूर्वी लेक बाळंत होऊन माहेरी आली होती. बाळंतिणीसाठी रोज शेपू नाहीतर मेथी शिजत होती. "दोघींची वेगळी भाजी कोण करणार? तिच्या ताटातलं उरलं की मीच खाल्लो," अक्का म्हणाल्या आणि अपराधी चेहऱ्यानं मुलाकडं बघितलं. मुलगा रागावला होता, पण चूक त्यांची नव्हती. कुणी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं.

रक्त गोठवणारे काही घटक आपल्या यकृतात तयार होतात. त्यांतले चार, 2, 7, 9 आणि 10 क्रमांकाचे, के जीवनसत्त्वाशिवाय अर्धवट राहतात. कॅल्शियमला धरण्याची पकड त्यांना या जीवनसत्त्वामुळंच येते. एकदा वापरलेलं के शरीर पुन्हा ताजं करून वापरतं. ही गोळी नेमकं ते ताजं होणं अडवते, म्हणून रक्त सावकाश गोठतं. मात्र के पालेभाज्यांत भरपूर असतं. ताटातून ते जास्त आलं की गोळीचा जोर उतरतो, आणि कमी आलं की चढतो.

अक्कांना मी गुरांची गोष्ट सांगितली. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी धरलेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन जनावरं रक्तस्रावानं मरत होती. त्या चाऱ्यात जो पदार्थ सापडला, त्याच्याच कुळातलं हे औषध. म्हशीवाल्या घरात हे लगेच पटलं. "म्हंजे चाऱ्यानं रक्त हलतंय," त्या म्हणाल्या. मी इतकं सोपं करून सांगू शकले नसते.

मग टाकीचं उदाहरण. अर्धी भरलेली टाकी असेल तर एक तांब्या इकडंतिकडं झाला तरी पातळी दिसत नाही. तळ गाठलेल्या टाकीत तांब्याभर ओतला की लगेच कळतो. के चा साठा शरीरात मुळातच फार थोडा राहतो. पाला पूर्ण बंद करून अक्कांनी तो तळाला नेला होता, त्या रिकाम्या टाकीवर गोळी बेतली गेली, आणि मग तीन आठवडे रोज शेपू-मेथी. आकडा पडणारच.

त्या थोड्या वेळ गप्प बसल्या. मग विचारलं, "नातवाला जन्मल्या जन्मल्या मांडीत सुई दिली, तीबी केचीच म्हणं?" होय, तीच. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्याकडं के फार थोडं असतं आणि आईच्या दुधातही कमीच येतं, म्हणून रक्तस्राव टाळायला साधारण 1 मिलिग्रॅम देतात. आजी ज्याला विष समजत होती, तेच नातवाचं संरक्षण आहे हे ऐकून त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

के कशात किती, हे मी अंदाज येण्यापुरतंच सांगते. अमेरिकेतल्या शिफारशीत बाईला दिवसाला 90 आणि पुरुषाला 120 मायक्रोग्रॅम पुरेसं मानलं आहे. 100 ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे 480, कोथिंबिरीत 310, कोबीत 75, भेंडीत 30. बटाटा, कांदा आणि आपल्याकडची रताळी यांत नगण्य. म्हणजे आमटीवर भुरभुरलेली चमचाभर कोथिंबीर निर्धास्त खा, पण पालकाची एक मोठी वाटी ही काही दिवसांची बेगमी आहे हे ध्यानात ठेवा. तेलाचा विचार कुणी करत नाही. शेंगतेलात के जवळपास नसतं, सोयाबीन तेलात 100 ग्रॅमला सुमारे 180. घरातलं तेल बदललं तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

आम्ही ठरवलं ते असं. आठवड्यातले चार दिवस, एक वाटी शिजवलेली पालेभाजी, दर आठवड्याला तेवढीच. पेंडी घरात आली म्हणून जास्त नाही, महाग झाली म्हणून शून्य नाही. हे आधी डॉक्टरांना कळवलं, कारण ताट बदललं की गोळीचा हिशेब तेच करणार, आपण नाही. अंगदुखीची गोळी, अँटिबायोटिक, कुणी दिलेला काढा, काहीही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. हाडांसाठी के ची गोळी मिळते, तीही नाही. हाडांच्या बांधणीत के चा वाटा आहे हे खरं, पण अक्कांना तो ताटातूनच मिळू द्यावा. काळी शी, लघवीत रक्त, डोक्याला मार, किंवा तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, यांतलं काही झालं तर थेट दवाखाना.

हे वाचून सगळ्यांनीच वाट्या मोजू नयेत. 'रक्त पातळ करणारी गोळी' या एकाच नावाखाली लोक अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलही घेतात. त्यांचा के शी संबंध नाही, अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान यांचाही नाही. वॉरफरिन, अॅसेनोकुमरॉल यांसारख्या गोळ्यांसाठीच ही काळजी. पाकिटावरचं नाव आधी वाचा. मूत्रपिंडाच्या पथ्यात 'के कमी' सांगतात तो पोटॅशियम, त्याची खूण के. जीवनसत्त्वाचा के वेगळा. डॅनिश शास्त्रज्ञ हेन्रिक दाम यांनी 1935 मध्ये कोआग्युलेशन, म्हणजे रक्त गोठणं, यावरून ते अक्षर ठेवलं.

पुढच्या तीन तपासण्यांत अक्कांचे आकडे 2.6, 3.0 आणि 2.9 आले. परवा त्या पुन्हा आल्या. नवी अडचण घेऊन.

"श्रावणात आमच्यात पालेभाजी खात न्हाईत. मग?"

व्रत मोडायचं नाही, असं मी म्हणाले. पण तपासणीशिवाय पाळायचंही नाही. डॉक्टरांना आत्ताच कळवायचं, श्रावण लागल्यावर आठवड्याच्या आत एक तपासणी, आणि महिना संपून मेथी परत ताटात आली की आणखी एक. मुलानं दोन्ही तारखा वहीत लिहिल्या. मराठीत. अक्कांनी त्या मोठ्यानं वाचून दाखवल्या.