घरकुलाचा स्लॅब रात्रीसुद्धा तापलेला असतो. एसी घ्यावा की थर्माकोलचं सीलिंग करावं?

तुम्ही लिहिलंय, अकोल्याजवळच्या गावात घरकुलातून बांधलेलं दोन खोल्यांचं घर आहे, वर उघडा स्लॅब, आणि हाताशी पंधरा हजार रुपये. मी याच भागात घरांची छोटी कामं घेतो. माझं ऐकाल तर सध्या यातला एक रुपयाही एसीत किंवा सीलिंगमध्ये घालू नका.

ऊन छतावर पडतं, ते तिथेच अडवायला हवं. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळपासून ती धग खाली सोडतो. पंखा तीच गरम हवा अंगावर ढकलतो. सीलिंग लावलं तरी स्लॅब तापायचा तो तापणारच, शिवाय थर्माकोल पेट घेतो. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा. स्लॅब आला तशी गळती गेली, पण ती जाडीही गेली.

आधी रात्री नऊच्या सुमारास स्टुलावर चढून छताला आतून तळहात लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला. जिथे जास्त धग लागेल, तिथे पहिला खर्च. बहुतेक वेळा ते छतच निघतं.

छताला पांढरं करा. कोरा सिमेंटचा स्लॅब जेमतेम तिसरा हिस्सा ऊन परतवतो. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग सत्तर टक्क्यांच्या पुढे. होळी झाली की स्लॅब तारेच्या ब्रशने घासून धुवा. कळीचा चुना आदल्या रात्री भिजत घाला (तो उकळतो, पोरांना लांब ठेवा, डोळे जपा), सकाळी गाळून त्यात फेविकॉल मिसळा आणि ओल्या स्लॅबवर दोन-तीन हात मारा. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी करावं लागतं. धूळ बसली की परिणाम उतरतो, तेव्हा अधूनमधून झाडत जा. पुढे पैसे जमले तर स्लॅबच्या वरून इन्सुलेशनची शीट, त्यावर कोबा आणि पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. हे काम टिकाऊ.

पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून हिरवी जाळी बांधा, किंवा दोडक्याचा वेल चढवा. खिडक्या दिवसा बंद, रात्री बाहेर गार झालं की सताड उघड्या.

उरलेल्या पैशांत कूलर. आपली उन्हाळी हवा कोरडी, म्हणून तो इथे चालतो. एक टनाचा एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो, कूलर दीडशे-दोनशे. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते.

एक गोष्ट मला फार लागते. सपाट भागातल्या घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार, ते स्लॅबपर्यंतच संपतं. केंद्राच्या २०१८ च्या 'इको निवास संहिते'त, म्हणजे राहत्या इमारतींत ऊर्जा वाचवण्याच्या नियमांत, छतातून उष्णता किती झिरपावी याची मर्यादा आहे; उघडा स्लॅब तिच्यात कुठेच बसत नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं. विदर्भातल्या घरकुलाच्या अंदाजपत्रकात निदान चुन्याचा खर्च तरी धरायलाच हवा, आणि हे ग्रामसभेत मांडता येतं.