निखळणारा खांदा : दुर्बीण की छोटा छेद?

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा असून शाळेपासून कबड्डी खेळतो. चढाई करताना त्याचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला, तेव्हा मैदानावरच कोणीतरी हात ओढून बसवला. तेव्हापासून तो वरचेवर निखळतो. गेल्या महिन्यात पीएमपीच्या बसमध्ये वरची दांडी धरून उभा असताना ब्रेकच्या हिसक्यानेही निसटला. एका डॉक्टरांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली आहे, तर दुसऱ्यांनी पुढून छोटा छेद घेऊन करण्याची. दुर्बिणीने व्रण फारसा राहत नाही, म्हणून आमचा कल तिकडे आहे. काय योग्य ठरेल?
– एक वाचक, हडपसर, पुणे

उत्तर : व्रण किती राहील, हा या निर्णयातला सर्वांत गौण मुद्दा आहे, खांद्याच्या वाटीचे हाड किती झिजले आहे, हा पहिला. बसमधला प्रसंग मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो, कारण इतक्या किरकोळ हिसक्याने खांदा निसटू लागला, की हाडाची झीज झाली असावी अशी शंका घ्यावीच लागते.

खांद्याची वाटी मुळात उथळ असते आणि तिच्या कडेला असलेली मऊ किनार दंडाच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला आत धरून ठेवते. खांदा पुढे निखळताना ही किनार हाडापासून सुटते. ब्रिटिश शल्यविशारद बँकार्ट यांनी १९२३ मध्ये या इजेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे प्रत्येक वेळी वाटीची पुढची कड थोडी झिजते आणि गोळ्याच्या मागच्या बाजूला खळगा पडतो.

दोन्ही पद्धतींत काम एकच : सुटलेली किनार हाडात बसवलेल्या अँकरच्या (धागा धरून ठेवणाऱ्या छोट्या खुंटीच्या) धाग्यांनी पुन्हा जागेवर शिवणे. दुर्बिणीने ते दोन-तीन लहान छिद्रांतून होते, पुढचा स्नायू कापावा लागत नाही आणि सुरुवातीचे दुखणे कमी असते. छेद घेऊन करताना तो स्नायू सोडवावा किंवा विभागावा लागतो, त्यामुळे हात बाहेरच्या बाजूला थोडा कमी वळण्याची शक्यता राहते. मात्र पकड अधिक भरवशाची मिळते. कॅनडात १९६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दोन वर्षांनी रुग्णांच्या जीवनमानात फरक दिसला नाही, पण खांदा पुन्हा अस्थिर होण्याचे प्रमाण छेदाच्या गटात ११ टक्के, तर दुर्बिणीच्या गटात २३ टक्के होते. गोळ्यावर खळगा असलेल्या तरुण पुरुषांसाठी संशोधकांनी छेदाच्या बाजूने कौल दिला. आपला मुलगा तरुण आहे आणि अंगाला अंग भिडणारा खेळ खेळतो, म्हणून हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

हाडाची झीज मोठी असेल, तर मात्र नुसती किनार शिवून भागत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, दुर्बिणीने केलेल्या १९४ शस्त्रक्रियांच्या आढाव्यात हाड शाबूत असलेल्यांपैकी ४ टक्के, तर मोठी झीज असलेल्यांपैकी ६७ टक्के रुग्णांचा त्रास परतला होता. वाटीचे साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक हाड गेलेले असल्यास जवळच्याच हाडाचा तुकडा स्क्रूने कडेला बसवण्याची लाटार्जे शस्त्रक्रिया बहुधा सुचवली जाते. ती बहुतेकदा छेद घेऊनच होते आणि तिच्यात नसेला इजा होण्याचा धोका लक्षात घ्यावा लागतो.

म्हणून एमआरआय झालेला असला तरी आधी खांद्याचा त्रिमितीय सीटी स्कॅन करून घ्यावा आणि वाटीचे किती टक्के हाड गेले आहे, हे दोन्ही डॉक्टरांना विचारावे. झीज नगण्य निघाली, तर अनुभवी हातांनी केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रियाही योग्य ठरू शकते. कोणतीही पद्धत निवडली तरी साधारण चार आठवडे हात झोळीत राहील, नंतर फिजिओथेरपी करावी लागेल आणि सहा महिन्यांच्या आत मॅटवर उतरता येणार नाही. तोपर्यंत कबड्डी बंद ठेवावी, आणि खांदा पुन्हा निखळलाच तर मैदानावर कोणालाही हात ओढू न देता थेट रुग्णालयात न्यावे.