४.५ अधिक २.३५ बरोबर ६.४०

ताई,
बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. शिक्षण सेवक म्हणून तिसरं वर्ष चालू आहे. सातवीच्या पटावर ३८ मुलं. दिवाळीनंतर नऊ जण आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेले. उरलेल्यांत प्रश्न विचारला की तेच चार हात वर होतात. दशांश अपूर्णांकांची बेरीज मी अकरा वेळा शिकवली, मोजून सांगतो. एक मुलगा आहे. बिनडोक नाही, गावात टेनिस बॉलचे सामने असले की स्कोअर लिहायला तोच बसतो. घरी दोन म्हशी आहेत, सकाळी डेअरीवर दूध घालून शाळेत येतो. पण वहीत ४.५ + २.३५ = ६.४०. ३.७ + १.६ = ४.१३. आणि ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं. मागच्या मंगळवारी पुन्हा तेच दिसलं आणि मी त्याची वही दाराबाहेर भिरकावली. वर्ग हसला. त्यानं वही उचलली, झटकली आणि जागेवर जाऊन बसला. शाळेत येतो, पण माझ्याकडे बघत नाही. माझ्यात संयमच नाही. बायको म्हणते तलाठ्याची परीक्षा द्या. काय करू?
— एक शिक्षक

सर,

तुम्ही माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे असाल, पण एकतीस वर्षं शाळेत काढल्यामुळे फळ्यापुढच्या माणसाला अरेतुरे करायला जीभ वळत नाही. तेव्हा तुम्हीच म्हणते.

आधी वही. उद्या शाळेत गेलात की हजेरी घ्यायच्या आधी, सगळ्या वर्गासमोर त्याला सांगा, ‘मंगळवारी मी तुझी वही फेकली, ते माझं चुकलं.’ एवढंच. ‘पण तूही नीट लक्ष देत जा’ हे शेपूट जोडू नका. बाजूला बोलावून, खांद्यावर हात ठेवून, हळूच वगैरेही नको. फजिती चारचौघांत झाली, तर माफीही चारचौघांतच हवी. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारण्याबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे तुम्हाला प्रशिक्षणात कधीतरी सांगितलं असेलच. पण कायद्यासाठी नव्हे, त्याच्या वयासाठी माफी मागा. बारा-तेराव्या वर्षी आवाज फुटलेला असतो, हातपाय एकदम लांब झालेले असतात, आपण कसे दिसतो याची दिवसभर धास्ती असते. या वयातलं पोर छडी विसरतं. वर्ग हसलेला विसरत नाही.

मला हे माहीत आहे, कारण मीही केलंय. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका मुलीला ४०२ वजा १७८ काही केल्या येईना. मधल्या शून्यावरून हातचा कसा घ्यायचा, तिथंच ती अडायची. एकदा मी वैतागून म्हणाले, ‘तुझ्या डोक्यात कांदेबटाटे भरलेत का गं?’ पोरं खिदळली. पुढची दोन वर्षं ती माझ्या तासाला होती आणि तिनं एकदाही हात वर केला नाही. मी माफी मागितली नाही, तेव्हा बाईंनी माफी मागायची पद्धतच नव्हती असं स्वतःला सांगत राहिले. तिला वजाबाकी पुढे आली की नाही, मला ठाऊक नाही. तुमच्या हातात अजून वर्ष आहे.

आता संयमाचं. अकरा वेळा तोच धडा शिकवणाऱ्या माणसाकडे संयम नाही असं मी कसं म्हणू? मला तर तो जरा जास्तच वाटतो. चौथ्या वेळेलाच थांबून ‘हा असं का लिहितोय?’ असं विचारायला हवं होतं. तुम्ही पाठवलेली तिन्ही गणितं मी कागदावर मांडली. ४ आणि २ मिळून ६, ५ आणि ३५ मिळून ४०. म्हणून ६.४०. ३ आणि १ मिळून ४, ७ आणि ६ मिळून १३. म्हणून ४.१३. चारापेक्षा पस्तीस मोठे, म्हणून ०.३५ मोठं. पोरगं कुठंही भरकटलेलं नाही. त्याचा एक नियम आहे आणि तो तिन्ही ठिकाणी त्यानं इमानानं पाळलाय. टिंब म्हणजे भिंत, अलीकडचं वेगळं, पलीकडचं वेगळं.

आणि हा नियम त्याला कुठं भेटला असेल? तुम्हीच लिहिलंय, तो स्कोअर लिहितो. चार पॉइंट पाच ओव्हर म्हणजे चार ओव्हर आणि पाच चेंडू. त्यात एक चेंडू मिळवला की ४.६ होत नाही, पाच ओव्हर होतात. तिथं टिंब खरंच भिंत आहे! शनिवार-रविवार मैदानावर जे बरोबर ठरतं ते सोमवारी तुमच्या तासाला चूक ठरतं, आणि का ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. माझा हा अंदाज चुकीचाही निघेल. म्हणून मी म्हणते तसं धरून चालू नका, त्यालाच विचारा. ‘हे ४.१३ तू कसं काढलंस, मला दाखव.’ आवाज असा ठेवा की खरंच तुम्हाला माहीत नाही.

पूर्वी आम्ही हे रुपये-पैशांवर शिकवायचो. आता पोरांच्या हातात पैसा येतच नाही, पन्नास पैशाचं नाणं दाखवलं तर ती जुनी वस्तू म्हणून बघतात. तुमच्याकडे दूध आहे, तेच घ्या. त्याला विचारा, सकाळी ४.५ लिटर दूध घातलंस, तर तोंडानं काय म्हणशील? तो साडेचार म्हणेल. साडे म्हणजे अर्धा हे त्याला पाळण्यापासून ठाऊक आहे. अर्धा लिटर म्हणजे किती मिली? पाचशे. मग टिंबापलीकडचा तो ५ म्हणजे पाच नव्हे, पाचशे मिली. तसंच २.३५ म्हणजे दोन लिटर ३५० मिली. आता बेरजेला हात लावायच्या आधी फक्त एवढं विचारा की साडेचारात नुसते दोन लिटर ओतले तर किती? साडेसहा. त्यात आणखी ३५० मिली ओतल्यावर ते ६.४० कसं होईल रे, सांडलं का? इथं तो हसेल. हसला नाही तरी मान वर करील. मग ६.८५ त्याचं त्यालाच काढू द्या. आणि ओव्हरमध्ये सहा चेंडूंनी पुढची ओव्हर येते, इथं दहा दशांशांनी पुढचा एक येतो, हा फरक वर्गाला समजावून सांगायचं काम त्याच्याकडे द्या. वर्गात ओव्हरचा हिशेब त्याच्याएवढा कुणाला येतो?

हे वाचून तुम्हाला हुरूप येईल आणि शुक्रवारी त्याचं उत्तर बरोबरही येईल. सोमवारी तो पुन्हा ४.१३ लिहील. त्या सोमवारसाठी तुमचा संयम राखून ठेवा. जुना नियम वर्षानुवर्षं मुरलेला असतो, एका दुधाच्या उदाहरणानं तो जात नाही. अशा वेळी आपण काय करतो, तर पस्तीस गणितांचा गृहपाठ देतो. मी ते सोडलं आणि माझं बरं चाललं. तासाच्या सुरुवातीला फळ्यावर तीनच गणितं. एक आजच्या धड्यातलं, एक मागच्या आठवड्यातलं, एक मागच्या महिन्यातलं. दहा मिनिटं. रोज. कंटाळवाणं काम आहे, कुणी बघायला आलं तर त्यांच्यावर छापही पडत नाही. माझ्या वर्गांत साधारण दिवाळीपर्यंत काहीच दिसायचं नाही, आणि मग संक्रांतीच्या आसपास एखादा आपणहून म्हणायचा, ‘बाई, हे तर त्या दिवशीचंच आहे.’

त्या चार हातांबद्दल थोडं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांतले आवाज टेपवर घेऊन मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो. सरासरी निघाली एक सेकंदाच्या आसपास. तीन सेकंद किंवा जास्त थांबणाऱ्यांच्या वर्गात मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी बोलायला लागली. तुमचे चार हात वेगवान आहेत, बाकीच्यांची गाडी अजून सुरू व्हायचीय. हात वर करायचाच नाही असा नियम करून बघा. सगळ्यांनी वहीत लिहायचं, तुम्ही खिडकीबाहेर बघत मनात पाचपर्यंत मोजायचं. पहिल्या दिवशी ती शांतता तुम्हालाच सोसणार नाही.

ऊसतोडीला गेलेल्या नऊ जणांवर माझ्याकडे औषध नाही. आईबापांनी आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, लहान भावंडाला तळावरच्या झोपडीत, कोपीवर, सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि गावात हंगामी वसतिगृह असलं तरी वयात आलेल्या मुलीला मागं ठेवायला आई कचरते. गाळपाचा हंगाम संपून कारखान्यांचा पट्टा पडला की ती परत येतील आणि भागाकारही विसरलेली असतील. तेव्हा ‘हे तर पाचवीचं आहे’ असं म्हणू नका. ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येत नाही, असं ‘असर’ ही मुलांच्या शिक्षणाची देशभरातली पाहणी पुन्हा पुन्हा सांगते. म्हणजे तुमची नऊ पोरं काही जगावेगळी नाहीत. आल्या दिवशी त्यांना सातवीच्या धड्यावर बसवू नका. दोन आठवडे ज्याला जिथवर येतं तिथून, इयत्ता न बघता गट करून घ्या. अभ्यासक्रम मागे पडेल. पडू दे. केंद्रप्रमुख विचारतील, तेव्हा माझं नाव सांगून काही उपयोग नाही, पण त्या मुलांच्या आधीच्या आणि नंतरच्या वह्या पुढे ठेवा.

राहिली तलाठ्याची परीक्षा. बायकोचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. मानधनावर घर चालवणं काय असतं ते तिला तुमच्यापेक्षा जास्त कळत असेल. खुशाल फॉर्म भरा. फक्त त्या मंगळवारच्या जोरावर भरू नका. एप्रिलअखेर, निकालपत्रकं लिहून झाल्यावर, दोघं बसून ठरवा. तोवर एक छोटी डायरी ठेवा आणि रोज एकाच मुलाबद्दल एक ओळ लिहा, त्यानं आज काय केलं जे काल केलं नव्हतं. काही दिवस ओळ सापडणार नाही, तारीख घालून जागा कोरी सोडा. मग निर्णय त्या वहीवरून घ्या.

आणि हो, दाराबाहेर पडलेल्या वहीचं कव्हर फाटलं असणार. येताना खाकी कागदाचा एक ताव घेऊन या. मधल्या सुट्टीत त्याला शेजारी बसवून कव्हर घाला. कडा दुमडायला त्याच्याकडे द्या, नाव मात्र तुम्ही लिहा, चांगल्या अक्षरात.

— तुमची ताई