सरासरी तीच, मग पावसाचे गणित का चुकते?

प्रश्न : आमची शेती तासगाव तालुक्यात आहे. वर्षअखेरीस पावसाची बेरीज बहुधा सरासरीजवळ भरते, तरीही ऑगस्टमध्ये सोयाबीन करपते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत पाणी साचते. याचा जागतिक तापमानवाढीशी खरोखर संबंध आहे का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : संबंध आहे, मात्र तो बेरजेत दिसणार नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. अशी हवा समुद्रावरून, तशीच आपल्या रानातूनही जास्त ओल शोषून घेते, आणि ढग बरसण्याची परिस्थिती जुळून आली की साठलेले पाणी थोड्या तासांत ओतून मोकळी होते. म्हणून पावसातील खंड आणि अतिवृष्टी यांना परस्परविरोधी समजू नये. दोन्हींच्या मुळाशी तीच तापलेली हवा असते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोसमी पावसाची एकूण बेरीज घटत असतानाही विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते चढउतार हे त्यांनी त्याचे मुख्य कारण सांगितले.

२२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात वर्षभरातही बहुधा तेवढा पडत नाही. माण, आटपाडी, जत यांचा कोरडेपणा मुळात सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड पाऊस कमी पोचण्याचा, आहे, त्याचे खापर तापमानवाढीवर फोडणे योग्य नव्हे. तसेच २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली, त्यामागे पावसाबरोबर धरणांतील विसर्ग आणि पूरपट्ट्यातील बांधकामे यांचाही विचार करावाच लागतो.

शेतकऱ्याचे खरे नुकसान भिजपाऊस हरवल्याने होते, असे मला वाटते. आठवडाभर झिमझिमणारे शंभर मिलिमीटर जमिनीत मुरतात आणि पुढे वाफसा, म्हणजे पिकाला मानवणारी बेताची ओल, देतात. तेच दोन तासांत पडले तर माती घेऊन ओढ्याला जातात.

ऑक्टोबरबद्दल सांगायचे तर, वायव्य भारतातून मोसमी पाऊस परतू लागण्याची सर्वसाधारण तारीख हवामान विभागाने २०२० मध्ये १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. छाटणीचे जुने वेळापत्रक मात्र पाऊस लवकर परतत असे त्या काळावर बेतलेले आहे. तेव्हा आपल्या नोंदवहीत बेरजेशेजारी पावसाचे दिवस, सर्वांत लांब खंड आणि ऑक्टोबरमधील सरींच्या तारखा असे तीन रकाने वाढवावेत. छाटणी मागेपुढे करताना त्यांचा आधार घेता येईल.