चष्म्याचा नंबर आणि लेन्सचे माप

प्रश्न : मी राजारामपुरीत राहणारी 47 वर्षांची शिक्षिका आहे. कॉलेजात असल्यापासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. उजव्या डोळ्याचा नंबर उणे 8 आणि डाव्याचा उणे 7 आहे. अलीकडे लेन्स लावून वह्या तपासताना अक्षरे पुसट दिसतात, मात्र जुना चष्मा घातला की तितका त्रास होत नाही. चष्म्याच्या कागदावरचे नंबर देऊन चाळिशीच्या लेन्स घरपोच मागवल्या तर चालतील का?

उत्तर : कृपया तसे मागवू नका. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर दूर असते आणि लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे नंबर 4 च्या पुढे गेला की दोन्हींचे हिशेब वेगळे होतात. आपल्या उणे 8 साठी लेन्स सुमारे उणे सव्वासातची, तर उणे 7 साठी उणे साडेसहाची लागेल. शिवाय बुबुळाची गोलाई, लेन्सचा व्यास आणि अश्रूंचे प्रमाण या गोष्टी त्या कागदावर नसतातच. मऊ लेन्स डोळ्यावर पंधरा-वीस मिनिटे स्थिरावू देऊन, पापणी मिटताना ती किंचित सरकते की नाही हे यंत्राखाली पाहावे लागते, कारण घट्ट बसलेली लेन्स सुरुवातीला आरामदायक वाटली तरी तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत.

चष्म्यात त्रास कमी होतो हे आपले निरीक्षण अचूक आहे. उणे नंबरच्या माणसाला जवळचे पाहताना चष्म्यापेक्षा लेन्समध्ये डोळ्यांवर अधिक जोर द्यावा लागतो, म्हणून चाळिशी लेन्समध्ये आधी जाणवते.

आपल्यापुढे तीन मार्ग आहेत. मल्टिफोकल लेन्समध्ये दूरचा आणि जवळचा नंबर एकाच लेन्सच्या वेगवेगळ्या वर्तुळांत असतो, दोन्ही प्रतिमा एकाच वेळी डोळ्यात जातात आणि हवी ती निवडायला मेंदू हळूहळू शिकतो. दुसऱ्या पद्धतीत प्रबळ डोळ्याला दूरचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर देतात. यात खोलीचा अंदाज थोडा कमी होतो. शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी आणि हातातली वही यांवर आपली नजर सतत येत-जात असल्यामुळे मी आधी मल्टिफोकल लेन्सची चाचणी घेईन, आणि तीही दवाखान्यातल्या तक्त्यापुरती न ठेवता काही दिवस प्रत्यक्ष वर्गात. रात्री महामार्गावर गाडी चालवत असाल तर ते तपासणाऱ्यांना अवश्य सांगा, कारण या लेन्समधून समोरच्या दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. दोन्ही पद्धती मानवल्या नाहीत तर सध्याच्या लेन्स तशाच ठेवून वाचताना वरून चाळिशीचा चष्मा लावावा; यात कमीपणा काहीच नाही, आणि अक्षरे बहुधा याच मार्गाने सर्वांत स्पष्ट दिसतील.

प्रश्न : माझ्या 19 वर्षांच्या मुलाला केरॅटोकोनस असल्याचे निदान झाले आहे. डॉक्टर कडक लेन्स सुचवतात, पण ती टोचते म्हणून तो मऊ लेन्स मागतो. आम्ही कागलला राहतो. काय करावे?

उत्तर : या विकारात कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. नेहमीची मऊ लेन्स त्याच वेड्यावाकड्या आकारावर पसरते, म्हणून नजर फारशी सुधारत नाही. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्या आणि कॉर्नियाच्या मधली जागा अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. ती बसवताना डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहतात : लेन्स टेकते तिथे काळसर, अश्रू साचतात तिथे हिरवे दिसते. शंकूच्या टोकावर लेन्सचा दाब सतत पडला तर तिथे व्रण उरू शकतो, म्हणून या मापासाठी दोन-तीन फेऱ्या झाल्या तरी कंटाळू नये. सुरुवातीची टोचणी तास हळूहळू वाढवत नेल्यास बहुतेकांची कमी होते. तरीही सहन झाली नाही तर स्क्लेरल लेन्सबद्दल विचारा. ती आकाराने मोठी असून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते.

मात्र लेन्सने नजर सुधारते, आजार थांबत नाही. कॉर्नियाचा नकाशा ठरावीक काळाने काढून घ्या आणि विकार वाढत असेल तर क्रॉस-लिंकिंगचा, म्हणजे कॉर्निया बळकट करण्याच्या उपचाराचा, निर्णय लांबवू नका. मुलाला डोळे चोळू देऊ नका. खाज येत असेल तर ॲलर्जीवर उपचार करून घ्या.

प्रश्न : मी शिरोलीच्या फाउंड्रीत काम करतो आणि संध्याकाळी तालमीत जातो. भट्टीच्या उष्णतेने लेन्स वितळून डोळ्याला चिकटते, हे खरे आहे का?

उत्तर : नाही, ती अफवा आहे. खरी काळजी वाळूच्या कणांची आहे, आणि लेन्स लावली तरी सुरक्षा चष्मा घालावाच लागतो. तालमीच्या लाल मातीसाठी रोज टाकून द्यायची मऊ लेन्स घ्या. झटापटीत कडक लेन्स निसटू शकते. सराव झाल्यावर हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच लेन्स काढा. नळाचे पाणी लेन्सला लागू देऊ नका आणि लेन्स लावून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत पोहू नका, कारण अशा पाण्यातला अकँथमिबा नावाचा सूक्ष्म जीव कॉर्नियाला फार चिवट संसर्ग करतो. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर लेन्स लगेच काढा, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि काढलेली लेन्स तपासणीसाठी सोबत न्या.