व्हेप (ई-सिगारेट) ऑइलची काचेची कार्ट्रिज गळते आणि तडकते. काचेचा सप्लायर बदलावा का?

नाही, बदलू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या ग्राहकासाठी कार्ट्रिजचं डिझाइन तुमच्याकडे आलंय, सँपल गळतात, काही तडकतात, टेस्टिंग कसं करावं ते समजत नाही, आणि साहेब म्हणतात काचच खराब आहे. हे शेवटचं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

मी क्वालिटीमध्ये आहे. आधीची नोकरी भोसरी एमआयडीसीत होती. तिथे व्हेप नव्हतं, घरात सुगंध पसरवणाऱ्या इलेक्ट्रिक मशीनच्या कार्ट्रिज बनायच्या. बोटाएवढी काचेची नळी, खाली पितळेचा बेस, बेसच्या खाचेत सिलिकॉनची ओ-रिंग (गळू नये म्हणून बसवलेलं गोल रबरी कडं), आणि ती बेससकट नळीच्या आत दाबून बसवलेली. रचना जवळपास तुमच्यासारखीच.

सुरुवातीला तक्रार फक्त गळण्याची होती. आमच्या प्लँट हेडनी उपाय काढला: ओ-रिंग जाड करा. केली. गळणं थांबलं, सगळे खूश. मग पावसाळ्यात नळ्या तडकायला लागल्या. साहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की काचेचा लॉट खराब आहे, सप्लायरला डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) गेली, त्याचं पेमेंट अडवलं. सप्लायर म्हणजे नवरा-बायको मिळून चालवत असलेलं छोटं युनिट. त्यातला नवरा रोज फोन करायचा, आणि फोन मला यायचा, कारण रिजेक्शन रिपोर्टवर सही माझी मागितली होती. मी ती केली नाही. काच तपासल्याशिवाय काचेला दोष देणारा कागद मी सही करणार नाही, एवढंच म्हणाले.

धागा सापडला लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कोणी हात लावत नाही हो, शेल्फवर उभ्या उभ्या फुटतात. आणि त्यातही लिंबाच्या जास्त, चंदनाच्या नाही." मी तिथेच उभी राहिले. काच एकाच लॉटची, बॉक्स एकच, टेम्पो एकच. मग काचेला कसं कळतं आत लिंबू आहे की चंदन?

परत येऊन एकाच लॉटच्या नळ्या घेतल्या. काहींत लिंबाचं तेल, काहींत पाणी, काही रिकाम्या. सगळ्यांना तीच जाड ओ-रिंग. दमट चेंबरमध्ये ठेवून दिल्या, ना आपटणं, ना हादरे. तेलाच्या तडकल्या. पाण्याच्या आणि रिकाम्या शाबूत. लिंबाच्या तेलात मुख्यत्वे लिमोनीन नावाचं रसायन असतं आणि ते सिलिकॉनला फुगवतं. जाड ओ-रिंगने खाच आधीच काठोकाठ भरली होती, फुगायला जागाच नाही, मग ती काचेला आतून बाहेर ढकलत राहिली. काच दाब भरपूर सहन करते, ओढणारा ताण नाही. त्यात नळी कापलेल्या कडेवर बारीक टवके होते. ग्रिफिथ या इंग्लिश इंजिनिअरने १९२१ सालीच दाखवून दिलंय की काच तुटते ती अशा सूक्ष्म भेगांपासून. आणि ताणाखाली असलेल्या भेगेत हवेतली आर्द्रता शिरली की भेग हळूहळू वाढत जाते. म्हणून फायनल इन्स्पेक्शनला पास, आणि दुकानात काही आठवड्यांनी तडा.

तुकडे मायक्रोस्कोपखाली बघितले तर सगळं त्यांच्यावर लिहिलेलं होतं. तडा जिथून सुरू होतो तिथे आरशासारखा गुळगुळीत अर्धगोल दिसतो, त्यापुढे धुरकट पट्टा, त्यापुढे खरबरीत रेषा. आमच्या प्रत्येक तुकड्यावर तो आरसा आतल्या बाजूला, कडेजवळ, नेमका ओ-रिंगच्या उंचीवर. आपटून फुटली असती तर सुरुवात सहसा बाहेरून, मार बसला तिथून दिसली असती. तुम्ही पहिलं काम हे करा. तुटलेले तुकडे फेकू नका, बोटांनी पुसू नका, कडांवर कडा घासू देऊ नका, वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. कुठल्याही मशीनच्या आधी हे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. गळण्याचं मोठं कारण बहुतेक वेळा सील नसतं, आत अडकलेली हवा असते. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, इथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. विमानाच्या केबिनमध्ये तो ७५ पर्यंत उतरू शकतो. म्हणजे इथे बंद केलेली हवा तिथे पाव पटीने जास्त जागा मागते आणि तेलाला वातीतून किंवा सिरॅमिकमधून बाहेर ढकलते. उन्हात उभ्या गाडीत तेच, वर तेल पातळ झालेलं. तेव्हा भरताना हवा कमीत कमी राहील असं बघा. व्हॅक्यूम चेंबरमध्ये उभी, आडवी, उलटी अशा तिन्ही स्थितींत ठेवा, खाली टिपकागद, तेलात रंग, आधी-नंतर वजन. गरम-थंडच्या फेऱ्या झाल्यावर हीच टेस्ट परत घ्या, कारण नवीन सील सगळ्यांचंच चांगलं असतं. आणि टेस्ट खऱ्या तेलाने घ्या. पाण्याने घेतलेली टेस्ट आमच्याकडे वर्षभर पास होत होती.

डिझाइनमध्ये: बोरोसिलिकेट (तापल्यावर फार कमी पसरणारी काच) याच्या तुलनेत पितळ तापल्यावर पाच-सहा पट जास्त पसरतं. धातू काचेच्या आत घट्ट बसवला तर तापल्यावर काचेला ताण येतो, बाहेरून कॉलर दिली तर तो प्रश्न राहत नाही, पण तापल्यावर कॉलर सैल होते, तेव्हा मध्ये रबर हवंच. ते विटॉनचं (अशा तेलात कमी फुगणारं रबर) घ्या, आणि खाचेत फुगायला जागा ठेवा. कापलेली कड ज्योतीवर वितळवून गोल करून मागा, ड्रॉइंगवर तसं लिहा. सप्लायर फुकट देणार नाही आणि त्याने देऊही नये.

सँपल कोणी निवडायचे? ज्याने डिझाइन केलं त्याने मुळीच नाही. आमचे साहेब स्वतः ट्रेमधून चांगले चांगले पीस उचलून ड्रॉप टेस्टला (उंचावरून पाडून बघायला) द्यायचे. म्हणायचे, टेस्ट पास होण्यासाठी असते. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: पीस तुटेपर्यंत टेस्ट करा, किती उंचीवर, कुठून, कसा तुटला ते नोंदवा. "१ मीटर, पास" या नोंदीतून पुढच्या डिझाइनला काहीही मिळत नाही.

माझा रिपोर्ट गेल्यावर ओ-रिंग बदलली, ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली, तडकणं बंद झालं. मीटिंगमध्ये मात्र सांगितलं गेलं की सप्लायरने क्वालिटी सुधारली. सप्लायरने काहीही बदललं नव्हतं! तीच काच होती. डेबिट नोट मी तिथून निघेपर्यंत मागे घेतलेली नव्हती.

एक गोष्ट खरं तर आधी सांगायला हवी होती. ही कार्ट्रिज ओढण्यासाठीची असेल तर हे काम भारतात करू नका. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, विक्री, साठवण सगळ्यावर बंदी आहे, निकोटीन असो वा नसो, आणि उत्पादनात सुटे भागही येतात. पहिल्याच गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. "आम्ही फक्त काच आणि बेस बनवतो" हे उत्तर चालणार नाही. आणि कायदा सोडला तरी, २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ लोक गेले. मुख्य संशय तेलात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता, काचेवर नव्हता. कार्ट्रिज कितीही न गळणारी बनवली तरी आत काय भरलं जाईल ते तुमच्या हातात नसतं. शिवाय मशिनिंगच्या पितळेत शिसं असतं, ते तेलात उतरू शकतं. खोलीत सुगंध पसरवणाऱ्या उपकरणाची असेल तर वरचं सगळं लागू आहे, बिनधास्त वापरा.

आणि साहेबांनी काचवाल्याचं पेमेंट अडवलं असेल, तर तुकडे मायक्रोस्कोपखाली जाईपर्यंत रिजेक्शन रिपोर्टवर सही करू नका. एका बाजूला त्याच लॉटच्या नळ्या पाणी भरून ठेवा, दुसऱ्या बाजूला तुमच्या तेलाच्या, आणि दोन्ही ट्रे साहेबांच्याच टेबलावर ठेवा.