बाहेरगावी राहून आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत काय चाललंय ते कसं कळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात नोकरीला, आईवडील वर्धा जिल्ह्यातल्या दीड हजार वस्तीच्या गावात. घरटॅक्स वाढला, पाण्याच्या टाकीची जागा बदलली, हे तुम्हाला दर वेळी दोन-तीन महिन्यांनी कळतं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवस आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' सोडून काही येत नाही. मग खबर घ्यायची कुठून?

मी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातला. बारा वर्षं एका नागपुरी दैनिकाचा वार्ताहर होतो, जोडीला पेपरची एजन्सी. त्यामुळे सांगतो, पेपर लावून तुमचं काम होणार नाही. बातमी येते ती निर्णय झाल्यावर. तुम्हाला पाहिजे ती त्याच्या आधी बोर्डावर लागणारी नोटीस.

पेपरात का येत नाही, ते आधी समजून घ्या. गावपातळीच्या वार्ताहराला पगार नसतो. मला नव्हता. ओळखपत्र मिळतं, छापून आलेल्या मजकुराचे कधीमधी थोडे पैसे मिळतात, आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. जाहिराती येतात १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला, दिवाळीला आणि साहेबांच्या वाढदिवसाला. देणारे म्हणजे सरपंच, पतसंस्था, कृषी केंद्रवाला आणि ग्रामपंचायतीची कामं घेणारा ठेकेदार. आता ज्याच्याकडे दिवाळीत पाव पान मागायला जायचं, त्याच्या नालीतलं सिमेंट किती होतं हे आषाढात कोण लिहील? मी लिहायचो कधीकधी. त्या वर्षी तो चहा पाजायचा, जाहिरात द्यायचा नाही.

मग जिल्हा पानावर उरतं काय, तर भूमिपूजन, लोकार्पण आणि 'निवेदन दिले'. निवेदन ही आमच्या धंद्यातली सगळ्यात बिनधोक बातमी. तहसीलदारांच्या टेबलासमोर आठ जण, सगळ्यांचा हात एकाच कागदाला, आणि नजर कॅमेऱ्याकडे. त्या निवेदनाचं पुढे काय झालं हे मी बारा वर्षांत किती वेळा लिहिलं, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

दुसरं एक कारण आहे, ते बाहेर फारसं कोणी बोलत नाही. आमची निम्मी माहिती भांडणातून यायची. झेडपीचा एखादा सदस्य रुसला की रात्री फाइलीच्या झेरॉक्स घेऊन घरी यायचा. यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात अडकलं, आणि झेडपी-पंचायत समितीत सदस्यांच्या जागी प्रशासक, म्हणजे सरकारी अधिकारी, बसले ते तीन वर्षांहून जास्त. प्रशासक वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. पण ठराव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. रुसायला कोणी शिल्लक नाही, म्हणून झेरॉक्सही बाहेर येत नाही.

आता नोटिशीचं सांगतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर धरून होतात. सर्वसाधारण ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागायला पाहिजे, गावात दवंडी व्हायला पाहिजे. (आमच्याकडची म्हातारी माणसं मुनादी म्हणतात.) पूर्वी कोतवाल डफ वाजवत फिरायचा, आता पंचायतीचा शिपाई नाहीतर मंदिरावरचा भोंगा. भोंगा वाजतो सकाळी दहाला, तेव्हा गाव वावरात असतं.

गणपूर्तीचा, म्हणजे कोरमचा, नियम असा की मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी तो. तुमच्या गावात हजारभर मतदार धरले तर शंभर माणसं लागतील. चारशे मतदारांच्या गावात साठ पुरतात. पण तारखा बघा ना. १५ ऑगस्टला निंदण-डवरणी, २ ऑक्टोबरला सोयाबीन, १ मे ला ऊन. शंभर जण यायचे कुठून? कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमच लागत नाही! पंचवीस माणसांत ठराव पास होतो, आणि तो पूर्ण कायदेशीर असतो. तुमची टाकी कदाचित अशाच एखाद्या सभेत सरकली असेल.

एकदा शेजारच्या काकाजींना विचारलं, "काकाजी, काल ग्रामसभेत होते ना तुम्ही?"

"होतो ना बाबू. सही केली, चिवडा खाल्ला, आलो."

"विषय काय होता?"

"थे सचिवाले माहीत."

सचिव म्हणजे ग्रामसेवक, हे तुम्हाला सांगायला नको. २०२४ मध्ये सरकारने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं. गावात तो सचिवच आहे आणि राहील.

काकाजींना हसू नका. मीही त्यातलाच निघालो. आमच्या वावराकडे जाणारी पांदण पावसाळ्यात अशी होते की बंडी रुतते, ट्रॅक्टर तर सोडाच. पांदण रस्त्यांची यादी ग्रामसभेत ठरली, तेव्हा आमची पांदण तिसऱ्या नंबरवर होती. पुढच्या सभेला कोरम झाला नाही, तहकूब सभेत यादी 'सुधारित' झाली. मी त्या दिवशी तालुक्याला एका मंत्र्याच्या दौऱ्याची बातमी करत होतो. चार महिन्यांनी दुसऱ्याच पांदणीवर मुरूम पडताना पाहिला, तेव्हा विचारपूस केली. सचिवांनी शांतपणे नोटीस दाखवली. तारीख बरोबर, विषय बरोबर, सात दिवस पंचायतीच्या बोर्डावर लागलेली. त्या सात दिवसांत मी बोर्डासमोरून किमान वीस वेळा गेलो असेन, एजन्सीचे पेपर टाकायला.

तेव्हापासून माझी पद्धत अगदी साधी आहे. माझा चुलतभाऊ रोज सकाळी डेअरीवर दूध घालतो आणि डेअरी पंचायतीला लागून आहे. दर सोमवारी तो बोर्डाचा फोटो काढून पाठवतो. पहिल्या तीन फोटोंत त्याचा अंगठा होता, चौथ्यात शेजारच्याचा बोकड. आता नीट येतो. तुमच्या बाबांना जमत असेल तर उत्तम, नाहीतर गावातला शाळकरी पोरगा गाठा. महिन्याचा रिचार्ज मारून द्या, तो आनंदाने काढेल.

फोटोत तीन गोष्टी बघायच्या. तारीख, जावक क्रमांक, आणि विषयपत्रिकेतली सगळ्यात खालची ओळ. तिथे 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असं लिहिलेलं असतं. वर ज्याचं नाव घ्यायची कोणाची इच्छा नसते ते या ओळीतून आत येतं.

इंटरनेटवर काय मिळतं तेही सांगतो, पण त्याचा फार भरवसा धरू नका. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाची ई-ग्रामस्वराज ही साइट २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, फोनवर 'मेरी पंचायत' अ‍ॅप आहे. जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडलं की गावचा विकास आराखडा आणि खर्चाच्या नोंदी दिसतात. १५ व्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारे, पैसे यातूनच खर्ची पडत. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच घालायचे, आणि ४० टक्के अबंधित. बंधित पैशातून चौकाला स्वागत कमान झालेली दिसली तर खुशाल विचारा. पण आराखड्यात काम दिसलं म्हणजे ते झालं असं धरून चालू नका. आमच्या गल्लीतली नाली सलग दोन वर्षं आराखड्यात होती, गल्लीत नव्हती.

टॅक्सचं बोलायचं तर नमुना ८ मागा. ही कर आकारणीची नोंदवही, घराचं माप, बांधकामाचा प्रकार, कर, सगळं त्यात असतं. नमुना ९ म्हणजे मागणी, नमुना १० म्हणजे पावती. वाढ कुठून आली ते नमुना ८ वरून लगेच कळतं. बऱ्याचदा दर तोच असतो, घराचा प्रकार मातीचा पक्का झालेला असतो. फेरआकारणीच्या वेळी हरकतीची मुदत देतात, ती त्याच बोर्डावर लागते. म्हणजे पुन्हा चुलतभाऊ आणि डेअरी.

माहिती अधिकाराचा अर्ज सोपा आहे. साधा कागद, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर, प्रतीला पानामागे २ रुपये. ग्रामपंचायतीत जनमाहिती अधिकारी सचिवच असतात. अर्जात 'भ्रष्टाचार का केला' असं विचारू नका, 'का' ला तिथे उत्तर मिळत नाही. कागदाचं नाव घेऊन मागा: अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त, हजेरीच्या सह्यांची पानं, अमुक कामाची मोजमाप पुस्तिका. सह्यांची पानं नक्की मागा, त्यात कधीकधी मुंबईत असलेली माणसंही हजर सापडतात.

मात्र हा अर्ज पहिल्या दिवशी टाकू नका, असं मी कळकळीने सांगेन. तुम्ही पुण्यात बसून अर्ज टाकणार आणि दाखला मागायला तुमचे बाबा जाणार. 'उद्या या' म्हणायला कोणाला कायदा मोडावा लागत नाही. नळाचा व्हॉल्व्ह दुरुस्त व्हायला मग आठवडा लागतो. पोराच्या अर्जामुळे पानठेल्यावर बापाशी बोलणं टाकलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी सचिवांना फोन करा, नाव सांगा, गावचा आहे म्हणा, इतिवृत्ताचा फोटो मागा. दहातले चार तरी देतात. एका सचिवाकडे चार-चार गावं असतात, तोही माणूसच आहे. आपलं इतिवृत्त कोणीतरी वाचणार आहे याचंच त्याला नवल वाटतं.

तुमचं गाव नसलं तरी नातेवाईक तालुक्याला असतील, म्हणून हेही सांगून ठेवतो. २०१५ च्या सुमारास आमच्याकडच्या कळंब, राळेगाव, मारेगाव, बाभूळगाव, तुमच्याकडच्या सेलू, समुद्रपूर अशा तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या. तिथे ग्रामसभा संपली आणि रोजगार हमीची कामंही, कारण ती योजना ग्रामीण भागाची. आता १७ नगरसेवक सर्वसाधारण सभेत ठरवतात आणि मुख्याधिकारी अंमल करतात. लोकांना वाटलं गाव शहर झालं. खबर मिळवायची एक जागा मात्र कमी झाली. तिथे आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला, किंवा खरं तर त्याच्याकडून हरलेल्याला, ओळखून असावं.

लोक ग्रामसभेला येतच नाहीत असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावात जाऊन बघा. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांच्या संमतीने होतो. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हातात आले. बांबू कोणाला, किती भावाने विकायचा हे जिथे ठरतं तिथे माणूस चिवड्यासाठी येत नाही. आपल्या गावात ग्रामसभेच्या हातात तेवढं काही आहे असं लोकांना वाटत नाही. थोडं आहे, पण ते त्या विषयपत्रिकेत लपलेलं असतं.

म्हणून माझा सल्ला असा की वर्षात चार नाही जमलं तर एका ग्रामसभेला या. दिवाळीला यायचंच असतं, त्याऐवजी १ मे धरून सुट्टी काढा. डोक्याला दुपट्टा बांधा, वैदर्भीय असून ऊन विसरला असाल तर. पुढच्या खुर्चीवर बसा. अजेंड्यावरचा पहिला विषय असतो, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. हा विषय सचिव "वाचलं असं समजू" म्हणून अर्ध्या मिनिटात उरकतात आणि सगळे माना डोलावतात. तिथे उठून उभे राहा आणि नम्रपणे म्हणा, "साहेब, जरा मोठ्यानं वाचता का? बाबांना कमी ऐकू येतं."